पांढरा पडदा आणि पाठीमागची नजर

संगणक चालू आहे, बोटे कळफलकावर फिरत आहेत, आणि पडदा मात्र कोऱ्या कागदासारखा पांढरा आहे. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर एक विशिष्ट चष्मा आहे. त्याला मजकूर दिसतो, इतर कोणालाही नाही. जुन्या मॉनिटरवर घरच्या घरी करता येणारी ही करामत आता बरीच परिचित झाली आहे. तिच्याकडे केवळ हौशी मंडळींचा उद्योग म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. लिहिणाऱ्याला, विशेषतः नुकते लिहू लागलेल्याला, इतरांच्या नजरेआड राहण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न तीत दडलेला आहे, आणि तो साहित्याच्या वर्गातला प्रश्न आहे.

आधी कृती. मागे पोट असलेल्या जुन्या काचनळीच्या मॉनिटरवर हे जमत नाही. चपटा एलसीडी मॉनिटर हवा. त्यात द्रवस्फटिकांचा पातळ थर ध्रुवीकरण करणाऱ्या दोन फिल्म्सच्या मध्ये असतो. (‘ध्रुवीकरण’ हा शब्द वर्तमानपत्रांनी निवडणुकांच्या बातम्यांत इतका झिजवला आहे की त्याचा भौतिकशास्त्रातला अर्थ सांगावा लागतो: प्रकाशाची एकाच दिशेतील कंपने तेवढी पलीकडे जाऊ देणे.) मागच्या दिव्याचा प्रकाश पहिल्या फिल्ममधून जातो, द्रवस्फटिक ठिपक्या-ठिपक्याला त्याच्या कंपनांची दिशा कमीअधिक फिरवतात, आणि पुढची फिल्म त्यातला कोणता किती बाहेर सोडायचा ते ठरवते. ही पुढची फिल्म कोपऱ्यातून सावकाश सोलून काढली की निवड करणारे कोणी उरत नाही. सगळा प्रकाश बाहेर येतो. मजकूर त्यात असतोच. आपल्या डोळ्यांना तो वेगळा काढता येत नाही. सोललेल्या फिल्मचे दोन तुकडे कापून जुन्या चष्म्याच्या चौकटीत योग्य दिशेने बसवले की झाले. दिशा नव्वद अंशांनी चुकली तर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसते. मान फार कलली तर अक्षरे फिकी पडतात. आणि मॉनिटर उघडताना एक पथ्य पाळावेच लागते: प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते, तेव्हा घाईने हात घालू नये.

हे वाचून आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लपवण्यासारखे काही नसेल तर लपवायचे कशाला? मला हा प्रश्नच खोटा वाटतो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे उत्तर सातशे वर्षांपूर्वीच्या एका संप्रदायाने देऊन ठेवले आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथी कोणाच्याही हाती पडली तरी चालेल, अक्षरे उघड दिसली तरी चालतील. ज्याच्याजवळ किल्ली नाही, त्याला वाचता येणार नाही. पांढरा पडदा आणि चष्मा ही त्याच कल्पनेची काचेवरची आवृत्ती. त्या पोथ्यांत लाजिरवाणे काही नव्हते, मराठी गद्याचा आरंभीचा अमोल ठेवा होता. पण त्याची किंमतही पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांसारख्या अभ्यासकांनी ते साहित्य उजेडात आणेपर्यंत ‘लीळाचरित्र’ मराठीच्या सामान्य वाचकाला जवळजवळ ठाऊकच नव्हते. ग्रंथ सुरक्षित राहिले, वाचक मात्र दुरावले.

दुसरे उदाहरण अगदी घरचे. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात 1942 साली काँग्रेसच्या नेत्यांना डांबण्यात आले. नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथले, म्हणून किल्ला दाखवताना आपण तेवढेच सांगतो. मौलाना आझादांनी तिथेच आपल्या एका स्नेह्याला पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहिली. 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती पुस्तकरूपात आली. पत्नी अत्यवस्थ असल्याच्या आणि पुढे तिच्या निधनाच्या वार्ता त्यांना या किल्ल्यातच कळल्या. त्या दिवसांत चेहऱ्यावर काहीच उमटू नये यासाठी आपण कसा प्रयत्न केला, हे त्यांनी एका पत्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. पहाऱ्यात राहणाऱ्या माणसाचा चेहरा हाच पांढरा पडदा होता, आणि न पाठवलेले पत्र हे त्याचे वाचन. त्या पत्रांना त्या वेळी कोणी डोकावणारा असता तर ती तशी उतरली असती, असे मला वाटत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत शिकवताना हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. एखादी विद्यार्थिनी कविता दाखवायला आणते ती रसायनशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानांवर. घरात संगणक असलाच तर तो बैठकीच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा दिसेल असा. मोबाइलचा पासवर्ड भावाला ठाऊक. मुलाने रात्री उशिरापर्यंत टंकन केले तर तो अभ्यास, मुलीने केले तर चौकशी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तो सरकारच्या नजरेपासून वाचवील, काकांच्या नजरेपासून नाही.

मग प्रत्येकीने मॉनिटर सोलावा काय? नाही, असे माझे मत आहे. पांढरा पडदा काही लपवत नाही, तो ‘इथे काहीतरी लपवले आहे’ असे ओरडून सांगतो. ज्या घरात आधीच संशय आहे, तिथे तो संशयाला पुरावा ठरेल आणि चष्मा दुसऱ्याच दिवशी जप्त होईल. शिवाय तो केवळ खांद्यावरून येणारी नजर अडवतो. आपण कुठे काय टंकले याची नोंद ठेवणाऱ्या दूरच्या यंत्रणांना पडदा कोणत्या रंगाचा आहे याच्याशी कर्तव्य नसते. ही युक्ती उपयोगी आहे ती मुख्यतः समजावून देण्यासाठी. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी भंगारात निघालेला एखादा मॉनिटर घ्यावा, मराठीच्या वर्गात तो मांडावा, आणि त्याशेजारी सकळ लिपीचे एखादे पान. विद्यार्थी तेवढ्यावरून पुष्कळ बोलतील, असा माझा अंदाज आहे.

तोवर एक बिनखर्चाचे काम आहे. पुष्कळ महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत संगणक असे मांडलेले असतात की विद्यार्थ्याची पाठ दाराकडे आणि पडदा काउंटरकडे. शिस्तीसाठी, असे सांगितले जाते. टेबले फिरवून बसणाऱ्याची पाठ भिंतीला लागेल अशी मांडावीत. एखाद्या रविवारी दोन शिपाई आणि दोन प्राध्यापक मिळून हे करू शकतात. वायर तेवढी थोडी लांब लागेल.