चोरीस गेलेला माल आणि पोलीस ठाण्याचा उंबरठा

ज्याच्या घरी दहा वस्तू आहेत त्याची एक चोरीस गेली तर त्याच्याजवळ नऊ शिल्लक राहतात. ज्याच्या घरी उपजीविकेचे साधन म्हणून एकच वस्तू आहे, त्याची ती गेली तर त्याचा संसार उघड्यावर येतो. भूमिहीन मजुराची शेळी, विधवेचे शिवणयंत्र, दूध वा भाजी घालणाऱ्याची सायकल, रोजंदारीवर जाणाऱ्या तरुणाचा मोबाईल यांची किंमत बाजारात काही हजारांची असेल; पण ज्याचे ते गेले त्याच्या दृष्टीने ते त्याचे सर्वस्व होय. असे असताना ज्याचे सर्वस्व गेले त्यालाच ठाण्यातून सर्वांत आधी परत पाठविले जाते, हा आमच्या वस्त्यांतील नित्याचा अनुभव आहे. चोराशी गाठ पडण्यापूर्वी आमच्या माणसाला ठाण्याशीच झगडावे लागते.

हे परत पाठविणे कसे होते, ते नीट पाहिले पाहिजे. ठाण्यावर कोणी 'तुमची तक्रार घेत नाही' असे सहसा उघडपणे म्हणत नाही. फिर्याद टाळण्याच्या काही ठरलेल्या वाटा आहेत. पहिली वाट अशी की, चोरी झालेली वस्तू 'गहाळ' झाली असे लिहून घ्यावयाचे. वस्तू गहाळ झाली म्हटले की गुन्हा झाला नाही, आणि गुन्हा झाला नाही म्हणजे तपासही नाही! दुसरी वाट म्हणजे 'अर्ज देऊन जा'. त्या अर्जावर शिक्का बसतो, फिर्यादी समाधानाने घरी जातो, आणि गुन्ह्याच्या नोंदवहीत मात्र त्याचा मागमूस नसतो. तिसरी वाट हद्दीची. चौथी वाट 'चौकशी चालू आहे' या तीन शब्दांची. या चारही वाटा कायद्याने बंद केलेल्या आहेत, हे आमच्या बांधवांस ठाऊक नसते. म्हणूनच त्या चालू राहतात.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हे कायदे अमलात आले आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे. खबर तोंडी देता येते. ती लिहून घेऊन वाचून दाखविणे हे ठाण्याचे काम आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही ती देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही केली पाहिजे. नोंदलेल्या खबरेची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळाली पाहिजे. तीन वर्षे वा अधिक परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांस प्राथमिक चौकशी करता येते हे खरे. पण तीही उपअधीक्षकाच्या पूर्वपरवानगीने आणि चौदा दिवसांच्या आत. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे हे पोलिसांच्या मर्जीवर नाही, ते बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ सालीच दिलेला आहे. सबब ठाण्यात गेल्यावर 'अर्ज घ्या' असे न म्हणता 'गुन्हा नोंदवा व प्रत द्या' असे म्हणावयास शिकले पाहिजे. आणि जे चोरीस गेले ते 'गहाळ' म्हणून लिहिले असेल, तर त्या कागदावर सही करू नये.

येथपर्यंत कायदा आमच्या बाजूचा दिसतो. परंतु याच नव्या कायद्यांनी गरिबाच्या वाटेत एक नवी धोंडही आणून ठेवली आहे. न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये अशी तरतूद आहे की, चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल वा त्याचे मूल्य परत केले, तर त्यास समाजसेवेची शिक्षा व्हावी. पोटासाठी पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता सुधारण्याची संधी द्यावी, या हेतूस आमचा विरोध नाही. परंतु परिशिष्टात हाच प्रकार अदखलपात्र ठरविला आहे, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसांस करता येत नाही. याचा व्यवहारातील अर्थ काय? श्रीमंताच्या पन्नास हजारांच्या वस्तूसाठी पोलीस आपण होऊन तपास करतील, आणि मजुराच्या चार हजारांच्या वस्तूसाठी मात्र मजुराने न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा! गुन्ह्याचे मोल रुपयांत मोजावयाचे की ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारिद्र्यात मोजावयाचे, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. शिवाय आमचा सरळ प्रश्न असा आहे की, चोर कोण हेच ज्या क्षणी ठाऊक नाही, त्या क्षणी तो पहिल्यांदाच दोषी ठरणार आणि माल परत करणार हे ठाण्यास कोठून कळले?

ही तरतूद बदलली पाहिजे, अशी मागणी करावयास हवी. पण ती बदलेपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. राहत्या घरातून वा माल ठेवण्याच्या इमारतीतून झालेली चोरी कलम ३०५ मध्ये मोडते. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तेथे पाच हजारांची अट नाही. हातातून वस्तू हिसकावून नेली असेल तर ते कलम ३०४ होय; तेथेही किमतीची अट नाही. म्हणून फिर्याद देताना वस्तू कोठून, कशी, केव्हा गेली हे नेमके सांगावे. झोपडी हेही कायद्याच्या दृष्टीने राहते घरच आहे.

ठाण्याने तरीही नकार दिला तर पुढची पायरी स्पष्ट आहे. हकीकत लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवावी आणि टपालाची पावती जपून ठेवावी. तेथेही दाद न लागल्यास कलम १७५ अन्वये प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि दंडाधिकारी तपासाचा हुकूम देऊ शकतो. वकिलाच्या फीची भीती बाळगण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस आणि कोणत्याही स्त्रीस उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या बांधवांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला असल्याने धर्मांतरामुळे हा हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. गुन्हा नोंदला गेल्यावर नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीस कळविणे हेही पोलिसांवर कलम १९३ ने बंधनकारक आहे. ती न कळविल्यास लेखी विचारणा करावी.

वस्तू सापडली तरी ती आपलीच आहे हे सिद्ध करावे लागते, आणि येथे गरीब माणूस पुन्हा अडतो. कारण त्याच्याजवळ पावती नसते. आपल्या आयाबहिणी भांड्यांवर नावे घालून घेत, त्यात फार मोठे शहाणपण होते. तेच शहाणपण इतर वस्तूंस लावावे. सायकलीच्या सांगाड्यावरील क्रमांक, शिवणयंत्राचा क्रमांक, दागिन्याचे वजन, शेळीच्या अंगावरील खुणा एका वहीत लिहून ठेवाव्यात व शक्य तर छायाचित्र काढून ठेवावे. मोबाईलचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक टिपून ठेवला असेल, तर पोलिसांकडील तक्रारीच्या प्रतीसह केंद्र शासनाच्या 'संचार साथी' व्यवस्थेत नोंद करून तो फोन बंद पाडता येतो, आणि कोणी त्यात दुसरे सिमकार्ड घातल्यास त्याचा माग पोलिसांस लागू शकतो.

माल सापडल्यानंतर तो वर्षानुवर्षे ठाण्याच्या आवारात गंजत पडावा, हाही अन्यायच आहे. २००२ साली गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुद्देमाल पंधरा दिवस ते एक महिना याहून अधिक काळ ठाण्यात ठेवू नये. पंचनामा व छायाचित्रे करून तो मालकास द्यावा. त्याही पूर्वी, १९७७ साली, म्हैसूर राज्यातील एका स्त्रीचे चोरीचे दागिने सापडून पुन्हा पोलिसांच्याच ताब्यातून नाहीसे झाले, तेव्हा न्यायालयाने त्यांचे मूल्य राज्याने भरून द्यावे असा हुकूम केला. नव्या संहितेच्या कलम ४९७ नेही न्यायालयापुढे आलेल्या मालाचे वर्णन व छायाचित्र झाल्यानंतर तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा हुकूम व्हावा, अशी मुदत घातली आहे. म्हणून माल सापडल्याचे कळताच खटला संपण्याची वाट न पाहता तो परत मिळण्याचा अर्ज न्यायालयात करावा.

आता राहिला तरुणांच्या मनातील प्रश्न. पोलीस हलत नाहीत, वस्तू कोणाच्या घरी आहे हे आपणांस ठाऊक आहे, मग आपणच जाऊन ती का आणू नये? या प्रश्नास कायद्याचे उत्तर बारकाईने समजून घ्यावे. चोर माल घेऊन पळत असताना त्यास अडविण्याचा, आवश्यक तेवढ्याच बळाने वस्तू परत घेण्याचा हक्क मालकास आहे. दखलपात्र व अजामिनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत करणाऱ्यास सामान्य माणूसही पकडू शकतो. मात्र त्यास सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. परंतु चोर निसटून गेला आणि सरकारी यंत्रणेकडे जाण्यास अवधी मिळाला, की बळाचा हक्क संपतो. कायद्यातच घड्याळजीचे एक उदाहरण दिलेले आहे. दुरुस्तीस दिलेले आपले घड्याळ, कसलेही देणे नसताना, मालकाने घड्याळजीच्या दुकानात शिरून त्याच्या हातून हिसकावून आणले, तर ती चोरी होत नाही. पण बेकायदा प्रवेश आणि हल्ला यांबद्दल तो मालक गुन्हेगार ठरू शकतो. वस्तू आपली असूनही खटला आपल्यावरच! आणि ठाण्याची जी दिरंगाई आमच्या फिर्यादीस नडते, ती आमच्यावरील फिर्यादीत क्वचितच आढळते, हे विसरून चालणार नाही.

याहून गंभीर गोष्ट संशयाची आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींच्या कपाळी जन्मतः चोराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण गावच्या मनातून तो गेलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. ज्या समाजाने स्वतः शतकानुशतके संशयाचे फटके खाल्ले, त्याने आपली शेळी गेली म्हणून पारध्याच्या पालावर चालून जावे, हे शोभणारे नाही. चोर व्यक्ती असते, जमात नव्हे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच बजावले होते की सनदशीर मार्ग खुले असताना त्यांच्याबाहेरच्या मार्गांचे समर्थन होऊ शकत नाही. मार्ग खुला आहे, पण तो चढणीचा आहे आणि एकट्याने चढण्याजोगा नाही. म्हणून प्रत्येक वस्तीतील तरुण मंडळाने दोन-तीन लिहिते-वाचते कार्यकर्ते या कामास नेमावेत. ज्याची चोरी झाली त्याच्याबरोबर त्यांनी ठाण्यात जावे, खबरेची प्रत घेतल्यावाचून परतू नये, तारखांची वही ठेवावी, अधीक्षकाकडे पत्र धाडावे आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीचे दार ठोठवावे. एकटा मजूर ठाण्यात गेला तर त्याच्या हाती अर्जाचा कागद येतो. कायदा जाणणारे चौघे त्याच्यासोबत गेले तर गुन्हा नोंदला जातो. शेळीची किंमत चार हजार असेल, पण ती परत मिळविण्यासाठी लढताना जो हक्क हाती येतो, तो उद्या जमिनीच्या, घराच्या आणि पाण्याच्या लढ्यातही कामी येणार आहे.