स्पीकरच्या जागी लोड बॉक्स लावताना

ट्यूबचा अ‍ॅम्प घरी वाजवणाऱ्या सगळ्या गिटारवाल्यांना कळकळीची विनंती आहे: स्पीकरची वायर काढून अ‍ॅम्प वाजवू नका. हेडफोनवर ऐकायचं म्हणून नाही, की नुसतं तपासून बघायचं म्हणूनही नाही. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला स्पीकर नसला तरी सहसा काही बिघडत नाही, म्हणून ही सवय अनेकांच्या हाताला लागलेली असते. ट्यूबच्या अ‍ॅम्पचं उलटं आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पुढे लोड नसेल, तर जोरात तार छेडल्यावर त्याच्या ट्यूबकडच्या बाजूला व्होल्टेज भलतंच उसळतं. ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडू शकते, ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन जळू शकतं. आणि अ‍ॅम्पमधल्या सगळ्यात महाग भागांपैकी तो एक.

स्पीकर काढावासा का वाटतो, हे मला पुरतं समजतं. मार्शलच्या १०० वॉटच्या सुपर लीडचा खरा टोन व्हॉल्यूम वर नेऊन आउटपुटच्या ट्यूबवर ताण आला, की मगच उघडतो. तेवढा आवाज फ्लॅटमध्ये काढणं अशक्य. ५० वॉटचा अ‍ॅम्प घेऊनही सुटका नाही. वॉट निम्मे झाले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. ही अडचण जुनीच आहे. बोस्टन या बँडचा गिटारिस्ट टॉम शोल्झ मुळात इंजिनिअर. त्याने १९८० च्या सुमारास ‘पॉवर सोक’ नावाची पेटी बाजारात आणली, ती यासाठीच: अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने चालावा, पण त्यातली बरीचशी शक्ती पेटीतच जिरावी आणि उरलेली स्पीकरला मिळावी. लोड बॉक्स एक पाऊल पुढे जातो. तो सगळी शक्ती स्वतःत जिरवतो. खोलीत स्पीकरचा आवाज होतच नाही.

ती शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून बॉक्स निवडताना कंजुषी नको. अ‍ॅम्पवर लिहिलेले ५० वॉट स्वच्छ आवाजाचे असतात. आवाज पूर्ण फाटला की तोच अ‍ॅम्प जवळजवळ दुप्पट देऊ शकतो. म्हणून ५० वॉटच्या अ‍ॅम्पला किमान १०० वॉटचा बॉक्स घ्या आणि त्याच्या आजूबाजूला हवा खेळती ठेवा. अ‍ॅम्पचे आणि बॉक्सचे ओहम जुळवा, ८ ला ८, १६ ला १६. मधली वायर स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक शिल्डेड केबल हे काम करायला बनलेली नाही. जोडणी अ‍ॅम्प बंद असतानाच करा.

आता टोनचं. साध्या बॉक्समध्ये एक मोठा रेझिस्टर असतो. अ‍ॅम्प सुरक्षित राहतो, पण आवाज सपाट आणि निर्जीव लागतो, आणि दोष बिचाऱ्या अ‍ॅम्पला दिला जातो. खरा ‘८ ओहमचा’ स्पीकर सगळीकडे ८ ओहमचा नसतोच. शंभर हर्ट्झच्या आसपास, जिथे त्याचा कोन मोकळेपणी झुलतो, तिथे त्याचा इम्पीडन्स कित्येक पट होतो; वरच्या सुरांकडे कॉइलमुळे तो पुन्हा चढतो. ट्यूबचा अ‍ॅम्प या चढउतारांना प्रतिसाद देतो, म्हणून खर्जाला भरीवपणा आणि वरच्या सुरांना धार येते. रिअ‍ॅक्टिव्ह लोडमध्ये कॉइल आणि कपॅसिटर घालून हेच चढउतार उभे केलेले असतात. टोनसाठी पैसे घालणार असाल तर रिअ‍ॅक्टिव्हच घ्या. रेझिस्टरवाला दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर ठीक.

तेवढ्यानेही काम पूर्ण होत नाही. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो. ती कापणी नसेल तर फाटलेला टोन माशी घोंगावल्यासारखा कानाला टोचतो. म्हणून लोड बॉक्सच्या लाइन आउटनंतर कॅबिनेट सिम्युलेशन हवंच, बॉक्समधलं किंवा कॉम्प्युटरवर इम्पल्स रिस्पॉन्सच्या फाइलींचं. आधी दोन-चार फाइली बदलून ऐका आणि मग अ‍ॅम्पची बटणं फिरवा. फरक बहुधा फाइलीतच सापडतो. मात्र अ‍ॅम्पचं स्पीकर आउट थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये कधीच घालू नका. १०० वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमवर सुमारे २८ व्होल्ट देतो, त्याने इंटरफेस जळेल.

आउटपुट ट्यूब मात्र पूर्वीइतक्याच झिजतात, किंबहुना आता रोज पूर्ण व्हॉल्यूमवर वाजवाल म्हणून लवकरच. खोली शांत आहे म्हणून अ‍ॅम्प विश्रांती घेतोय असं समजू नका. वाजवून झालं की बंद करा.

एक गोष्ट कुठल्याच पेटीत मिळत नाही. मोठ्या आवाजाच्या स्पीकरसमोर गिटारची तार हवेनेच थरथरत राहते आणि सूर लांबतो. हेडफोनवर ते होणार नाही. रेकॉर्डिंगमध्ये असा लांब सूर हवा असेल, तर तेवढ्या तुकड्यासाठी मॉनिटर स्पीकर लावा, त्यांच्या जवळ बसा आणि आवाज थोडा वाढवा. शक्यतो हे दिवसा करा.