खांद्यावरच्या पट्ट्या कुणाच्या?

गेल्या रविवारी परेड संपवून एक पोरगी थेट आपल्या अंकाच्या खोलीवर आली. अंगात एनसीसीची खाकी, बुटांवर मैदानाची धूळ. पाणीसुद्धा प्यायली नाही. म्हणाली, "काका, सीनियर अंडर ऑफिसर दुसरीलाच केलं. सर म्हणतात तुझ्यात पर्सनॅलिटी नाही."

तिसरं वर्ष तिचं. परेड एकही बुडवलेली नाही. नकाशावाचनात कॅम्पात पहिली. पहाटे चारला नळाचं पाणी भरायचं, दहा बाय बाराच्या खोलीत झोपलेल्यांना ओलांडून एकुलता एक युनिफॉर्म इस्त्री करायचा आणि सहाला मैदानात उभं राहायचं. जिला निवडलं तिचीही मी चौकशी केली. ती काही वाईट नाही, ड्रिल चांगलं करते, इंग्रजी फाडफाड बोलते. "माझा तिच्यावर राग नाही," पोरगी म्हणाली, "पण मला किती मार्क पडले ते तरी सांगा ना."

इथंच मी अडकलो. मार्क नव्हतेच. सरांनी रांगेवरून नजर फिरवली आणि बोट दाखवलं. झाली निवड. वर त्याला नाव काय, तर मेरिट!

मलाही १९७९ साली कॉलेजात असंच बाजूला काढलं होतं. तेव्हाचा शब्द वेगळा. 'तुला आवाज नाही.' च्यायला, नामांतराच्या मोर्चात घोषणा देऊन देऊन माझा घसा बसायचा, पण मागचा शेवटचा माणूस ओ द्यायचा. तिथं आवाज पुरला, मैदानावर कमी पडला? सावधान, विश्राम, दाहिने मुड, सगळे हुकूम हिंदीत. हुकूम देणारा मात्र इंग्रजी बघून निवडायचा. मी मुकाट घरी गेलो. विचारलंच नाही. ते अजून सलतंय.

ही युक्ती जुनी आहे, दोस्तहो. १८१८ साली कोरेगावला कंपनीच्या फौजेत लढताना महार शिपाई लायक होता. १८९० नंतरच्या काही वर्षांत तोच एकाएकी 'लढाऊ जात' राहिला नाही आणि भरती बंद. फौजेतनं निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला, शिवराम जानबा कांबळेंनी १९१० साली केला. पण सरकारला जाग आली ती पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडल्यावर. १९१७ साली महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर १९२१ साली मोडून टाकली. पुढं दुसरं महायुद्ध पेटलं. बाबासाहेब १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्याच साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आता सांगा, १८९० ते १९४१ या काळात आमच्या मनगटात काय कमीजास्त झालं होतं? मनगट तेच होतं. मोजपट्टी कुणाच्या हातात होती एवढाच फरक.

कुणी म्हणेल, एका पट्टीसाठी एवढं रामायण कशाला? पोटापाण्याशी संबंध आहे म्हणून. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत असलं आणि पदवीला पन्नास टक्के असले, की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी लेखी परीक्षा न देता सरळ एसएसबीच्या मुलाखतीला बसता येतं. पोरींनाही. ती मुलाखत पाच दिवस चालते. अनोळखी गटाला कामाला लावून दाखवावं लागतं. जिनं वर्षभर तीसेक जणींना हुकूम दिलाय तिचे पाय तिथं लटपटत नाहीत. जिला कुणी हुकूम देऊच दिला नाही, तिला पुन्हा तेच ऐकवणार, पर्सनॅलिटी नाही.

आपली पोरं लगेच म्हणाली, प्राचार्यांना घेराव घालू, आपल्या पोरीलाच करा म्हणू. मी अडवलं. थोडी बाचाबाचीही झाली. राखीव जागा हा वेगळा हक्क आहे, त्यावर बोलायचं तेव्हा ठणकावून बोलू. पण इथं मागायचे ते सगळ्या कॅडेटचे मार्क. ड्रिलचे, नकाशाचे, शस्त्राचे, हजेरीचे, फळ्यावर लावा. निवडीआधी प्रत्येकीला एकेक रविवार परेड चालवू द्या आणि रांगेत उभ्या असलेल्यांनाही विचारा, कुणाच्या हुकमाखाली चालायला बरं वाटलं. पर्सनॅलिटीला मार्क द्यायचेच असतील तर ती म्हणजे काय ते आधी लिहून द्या. मग आपली पोरगी दुसरी आली तर दुसरी. तिला हे विचारलं. "चालेल," म्हणाली. त्यावर पोरं गप्प झाली.

आणि एक सांगून टाकतो, नाहीतर घास घशाखाली उतरणार नाही. आपल्या शाखेचा अध्यक्ष मागच्या खेपेला कसा ठरला? ज्याच्या मामाची जीप होती तो झाला. पत्रकं चिकटवणारा, रात्री पोलीस चौकीत बसून राहणारा पोरगा मागं राहिला. हात वर करणाऱ्यांत मी पण होतो. पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच ठेवलाय.

बुधवारी सकाळी अकराला प्राचार्यांच्या केबिनबाहेर जमायचं. झेंडे, बॅनर आणू नका. वही-पेन आणा, मार्क उतरवून घ्यायचेत.