पंचतंत्राचा अनुक्रम

गेल्या दिवाळीच्या सुटींत कर्जतच्या आमच्या घरीं नातवासाठीं दहा चित्रमय पुस्तिकांचा एक संच भेट आला. प्रत्येक पुस्तिकेंत पंचतंत्रांतली प्राण्यांची एक गोष्ट व शेवटीं एक तात्पर्य. पण क्रमांक एकीवरही नाहीं. "आजोबा, पहिली कोणती वाचूं?" असें नातवानें विचारतांच त्याची आई म्हणाली, "कोणतीही वाच, सगळ्या सुट्या गोष्टी आहेत."

ह्या उत्तराशीं आमचें भांडण आहे.

विष्णुशर्म्यानें पांच तंत्रें रचिलीं तीं मित्रभेद, मित्रसंप्राप्ति, काकोलूकीय, लब्धप्रणाश आणि अपरीक्षितकारक अशा क्रमानें. शिवाय एका गोष्टींतलें पात्र दुसरी गोष्ट सांगतें, आणि ती कोण, कोणाला व कशासाठीं सांगतो यावर तिचा अर्थ ठरतो. सिंहाला विहिरींत बुडविणाऱ्या सशाचीच गोष्ट घ्या. सुट्या पुस्तिकेंत 'शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ' एवढेंच तिचें तात्पर्य उरतें. मूळांत ती सांगतो दमनक कोल्हा; आणि तीही पिंगलक सिंह व संजीवक बैल यांची मैत्री फोडण्याचा बेत करटकाला पटवून देतांना! म्हणजे जी युक्ति मुलाला सद्गुण म्हणून शिकविली जाते, ती ग्रंथांत एका कारस्थान्याच्या तोंडचें समर्थन आहे. पुढें निरपराध संजीवक मारला जातो, तेव्हां वाचणाऱ्या मुलाला तो ससा पुन्हा आठवतो आणि मूल थबकतें. हें थबकणें हेंच खरें शिक्षण.

यावर आमचे कांहीं शिक्षकमित्र म्हणतात कीं, दुष्टाचा विजय दाखविणारें मित्रभेद लहानांपुढें आधीं ठेवूंच नये. आरंभ मैत्रीपासून करावा. ह्या मताला आधार नाहीं असें नाहीं. हितोपदेशकार नारायणानें मित्रलाभ पहिला घेऊन सुहृद्भेद दुसरा ठेविला. आठव्या शतकांतल्या 'कलीला व दिम्ना' ह्या अरबी रूपांतरांत तर दिम्नाची, म्हणजे आपल्या दमनकाची, चौकशी होऊन त्याला शिक्षा होते असें एक वेगळें प्रकरणच आहे. परंतु नारायणानें क्रम बदलला, मोडला नाहीं. मित्रलाभ, सुहृद्भेद, विग्रह आणि शेवटीं संधि अशी त्याची स्वतःची चढण आहे. सुट्या पुस्तिकांना कोणतीच चढण नसते.

आम्ही स्वतः विष्णुशर्म्याच्या बाजूचे. कानाशीं लागलेल्या एका कोल्ह्यामुळें मैत्री कशी तुटते हें पाहिल्यावरच कावळा, उंदीर, कासव व हरिण यांच्या मैत्रीची किंमत मुलाला कळते. आमच्या कर्जत स्टेशनांत घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनें जोडतात. तीं चढणीच्या आधींच जोडावीं लागतात. खंडाळ्यास पोंचल्यावर जोडून काय उपयोग? कपटाची ओळखही मुलाला कपटी माणूस भेटण्याच्या आधींच झालेली बरी.

प्रकाशकांनीं पुस्तिका खुशाल पातळ काढाव्या, चित्रें हवीं तेवढीं घालावीं. पण वर क्रमांक द्यावा, आणि गोष्ट कोण कोणाला सांगतो हें पहिल्या पानावर छापावें. तोंपर्यंत हें काम घरच्या वडीलधाऱ्यांचें आहे. आम्ही नातवाच्या दहाही पुस्तिकांवर पेन्सिलीनें आंकडे घातले आहेत.