परत मिळेल का?

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

संगणकावर लेख लिहिण्याचा हिला काय अधिकार, असे कोणी विचारील, तर ते रास्तच आहे. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. संगणकाच्या आत काय चालते ते मला फारसे कळत नाही. पण पोटात कुठे दुखते हे सांगायला वैद्य असावे लागत नाही. आमच्या घरी जे दुखले, ते उद्या तुमच्याही घरी दुखू शकेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी आई आमच्या आळीतल्या बचत गटाची सचिव आहे. गटात चौदा जणी. दरमहा प्रत्येकी २०० रुपये बचत, आणि गरजेप्रमाणे कर्ज. महिन्याच्या १० तारखेला आमच्या ओसरीवर बैठक भरते. पूर्वी सगळा हिशोब एका जाड वहीत असे आणि बैठक संपण्यापूर्वी आई तो मोठ्याने वाचून दाखवी. २०२३ च्या दिवाळीत मीच तिच्या मागे लागले आणि हिशोब वहीतून संगणकावर आणला. बेरजा आपोआप होऊ लागल्या. वही माळ्यावर गेली. वाचून दाखवण्याची प्रथाही हळूहळू बंद पडली. संगणकाने केलेला हिशोब, तो काय वाचायचा!

२०२४ च्या एप्रिलमध्ये बँकेने कर्जदारांची यादी मागितली, मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत. मी ‘बाकी कर्ज’ हा रकाना निवडला आणि उतरत्या क्रमाने लावला. संगणकाने मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारले. घाईत मी नको ते बटण दाबले. झाले असे, की आकडे तेवढे हलले, नावे जागच्या जागी राहिली. एकीचे कर्ज दुसरीच्या नावावर गेले. बेरीज मात्र पैशापैशाला बरोबर होती, आणि ती बरोबर होती म्हणूनच कोणाला संशय आला नाही. दर महिन्याला जुना आकडा पुसून नवा लिहायचा, अशी ‘सोय’ मीच करून ठेवली होती, त्यामुळे ताडून पाहायलाही काही उरले नव्हते.

मे महिन्यात लग्नसराईमुळे बैठक झाली नाही. १० जूनला आईने यादी उघडली, तेव्हा जिने दोन वर्षांत एक पैसाही कर्ज घेतले नव्हते, त्या काकूंच्या नावापुढे १८,००० रुपये बाकी दिसत होते. काकूंनी आईकडे पाहिले. ओसरीवर एकदम शांतता पसरली. कोणी काही बोलले नाही, आणि तेच आईला फार लागले.

मी मात्र निर्धास्त होते. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या दादाने ती फाईल ‘क्लाउड’वर आपोआप जाईल अशी व्यवस्था करून दिली होती. प्रत आहे, काढली की झाले! प्रत खरोखरच होती. पण तीही तशीच चुकलेली. ज्या क्षणी मी घरी रकाना बिघडवला, त्याच क्षणी तो बिघाड इमानेइतबारे वरच्या प्रतीतही पोहोचला होता. फाईलची जुनी रूपे तिथे तीस दिवस राहत होती. आमची चूक होती एकोणपन्नास दिवसांपूर्वीची.

इथे मला माझे पहिले मत मांडायचे आहे. ज्याला आपण सर्रास ‘बॅकअप’ म्हणतो, ते पुष्कळदा बॅकअप नसतेच. एका जागची फाईल दुसऱ्या जागी जशीच्या तशी ठेवत राहणे म्हणजे आरसा टांगणे. आरशात आजचा चेहरा दिसतो, कालचा दिसत नाही. हिशोब बिघडला, फाईल पुसली गेली, तर आपल्याला कालचाच चेहरा हवा असतो. त्यासाठी जुने फोटो तारीखवार जपून ठेवणारा कोणीतरी लागतो. खरे बॅकअप सॉफ्टवेअर म्हणजे तो फोटो जपणारा.

त्या पावसाळ्यात मी हट्टाला पेटून अशी काही सॉफ्टवेअर वापरून पाहिली. आमचा संगणक जुना, विंडोज १० वर चालणारा. त्यात ‘फाईल हिस्टरी’ नावाची सोय आधीपासूनच होती आणि आम्हांला तिचा पत्ता नव्हता! विंडोज ८ बरोबर २०१२ साली ती आली, आणि विंडोज ११ मध्येही आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडली, ही सोय एकदा सुरू केली, की बदललेल्या फायलींची प्रत ती दर तासाला घेते आणि आपण वेगळे सांगितले नाही तर जुन्या प्रती राखून ठेवते. वेगळा पैसा पडत नाही. एक खोच मात्र आहे. ती ठरावीक फोल्डरांकडेच पाहते. आपल्याकडे महत्त्वाच्या फायली ‘डी’ ड्राइव्हवर ठेवण्याची रीत आहे. ते फोल्डर मुद्दाम तिच्या यादीत आणले नाही, तर डिस्क वर्षभर जोडलेली राहील आणि नेमकी हवी ती फाईल तिच्यात नसेल.

एका मैत्रिणीकडे ॲपलचा संगणक आहे. त्यात २००७ पासून ‘टाइम मशीन’ ही सोय आहे. मागच्या चोवीस तासांच्या तासातासाच्या, मागच्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याआठवड्याच्या प्रती ती ठेवते, आणि डिस्क भरली की सर्वांत जुन्या प्रती काढून टाकते. वापरायला ही मला सर्वांत सुबोध वाटली. पण त्यासाठी संगणकच त्या कंपनीचा हवा, आणि तो आमच्या ऐपतीबाहेरचा.

तिसरे ‘डुप्लिकाटी’. हे फुकट मिळते, प्रती कुलूपबंद करून दूरच्या जागी पाठवते आणि बदललेला भाग तेवढाच पाठवत असल्यामुळे इंटरनेटही कमी खर्ची पडते. गुण मोठे आहेत. पण त्या कुलपाचा परवलीचा शब्द हरवला, तर स्वतःच्याच प्रती स्वतःला उघडता येत नाहीत. आणि त्यातली इंग्रजी शब्दावली पाहून आईने चष्मा काढून ठेवला, तो परत लावला नाही.

या सर्व खटाटोपातून माझ्या हाती एक कसोटी लागली. सॉफ्टवेअरच्या जाहिरातींत प्रत किती वेगाने घेतली जाते, किती जागा मिळते, याची वर्णने असतात. विकत घेणाराही तेच विचारतो. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: परत मिळेल का? दीड महिन्यापूर्वीची फाईल, माझ्या आईला, दादा पुण्यात असताना, एकटीला काढता येईल का? याचे उत्तर ‘होय’ असेल तर ते सॉफ्टवेअर चांगले. नसेल, तर बाकीचे गुण घेऊन करायचे काय?

आणि हे उत्तर करून पाहिल्याशिवाय मिळत नाही. याबाबत मोठमोठे लोकही फसले आहेत. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना पिक्सार कंपनीत कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. कंपनीची बॅकअप व्यवस्था होती, पण ती नीट चालत नाही हे गरज पडल्यावर कळले. वाचवले कोणी? गॅलिन सुसमन या तंत्रविभागातील बाईंनी. त्या बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. एवढ्या मोठ्या कंपनीची लाज एका लेकुरवाळीच्या घरातल्या प्रतीने राखली!

या गोष्टीतून दुसरीही एक शिकवण निघते. प्रत दुसऱ्या घरात असावी. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ‘३-२-१’ असा एक नियम प्रसिद्ध आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. कारण उघड आहे. संगणकाशेजारीच कायम जोडून ठेवलेली डिस्क चोर संगणकाबरोबरच नेईल, वीज पडली तर दोन्ही एकदम जळतील. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या संगणकांतील फायलींना कुलपे घातली. असा विषाणू जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवण्यासारखे ते आहे.

‘मग सगळे क्लाउडवरच ठेवा की,’ असे दादा म्हणतो. ठेवावे, पण डोळे उघडे ठेवून. गूगलची फुकट जागा १५ जीबी, मायक्रोसॉफ्टची ५ जीबी. घरातल्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ आले की ती भरते, आणि भरली की पुढच्या प्रती जाणे थांबते. सूचना येते, पण ती जाहिरातींच्या ढिगाऱ्यात कोण वाचतो? शिवाय कंपनीचे मनही बदलते. ‘क्रॅशप्लॅन’ ही घरगुती लोकांची आवडती सेवा होती. ती बंद करणार असे ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर झाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती बंद झाली. त्यांनी मुदत दिली होती, हे खरे. पण एकाच दुकानावर सगळा भरवसा टाकू नये, एवढे त्यावरून कळते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे पैसेवाल्यांचे खेळ. तसे नाही. आम्ही डिस्क घेतली ती साडेचार हजारांना, आणि ती रक्कम आम्हांलाही जड गेली. पण गटाची सगळी हिशोबाची फाईल एका फोटोहूनही लहान आहे. तिला साध्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यातली जागाही पुष्कळ होते. खर्च पैशांचा कमी आणि सवयीचा जास्त आहे.

आणि इथेच माझे शेवटचे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे मत येते. ‘आपोआप’ या शब्दाची मला आता थोडी भीती वाटते. प्रत आपोआपच घेतली जावी, यात शंका नाही, कारण माणूस विसरतो. पण आपोआप होते म्हणून आपण पाहणेच सोडले, तर चुकाही आपोआपच जपल्या जातात. आमच्या गटाचे नुकसान सॉफ्टवेअरने केले नाही, ते माझ्या एका बटणाने झाले. पण ते एकोणपन्नास दिवस लपून राहिले, ते आम्ही हिशोब मोठ्याने वाचणे सोडले म्हणून. चौदा जणींच्या कानांवर दर महिन्याला आपापला आकडा पडत होता, तेव्हा चौदा तपासनीस फुकट बसलेले होते. संगणक आला आणि आम्ही त्यांना घरी पाठवले.

शेवटी आम्हांला तारले तेही त्यांनीच. बचत गटात प्रत्येकीचे स्वतंत्र पासबुक असते, हप्ता भरला की त्यावर नोंद आणि सही. जूनमध्ये तीन संध्याकाळी चौदाही जणी पासबुके घेऊन ओसरीवर आल्या आणि एकेक आकडा पुन्हा उभा केला. एका पासबुकातली एक नोंद पावसाने पुसली होती. तेथे ५०० रुपयांचा फरक राहिला. तो आईने आपल्या पदरचा भरला. चूक माझी होती, हे मी सगळ्यांसमोर सांगितले. पण काही दिवस आईला बाजारात कोणी हाक मारली तरी तिच्या छातीत धस्स होई, हे मी पाहिले आहे. हरवलेली फाईल परत मिळवता येते. गेलेला विश्वास परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर मला अजून तरी दिसले नाही.

आता आमची व्यवस्था अशी आहे. फाईल हिस्टरी चालू आहे आणि हिशोबाचे फोल्डर तिच्या यादीत आहे. डिस्क आठवड्यातून एकदा जोडतो, एरवी ती कपाटात. क्लाउडची प्रतही ठेवली आहे, पण तिला आम्ही आरसाच म्हणतो. दर महिन्याचा हिशोब नव्या पानावर लिहितो, जुना पुसत नाही. १० तारखेला एक छापील प्रत काढून आई ती पूर्वीसारखी मोठ्याने वाचते. ३१ मार्चला, वर्षाचा ताळेबंद होतो त्याच दिवशी, मी आईला एखादी जुनी तारीख सांगते आणि ती त्या तारखेची फाईल काढून दाखवते. २०११ पासून जगात हाच दिवस ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळतात, हे मला नंतर कळले. पहिल्या खेपेला आईला वीस मिनिटे लागली. दुसऱ्या खेपेला चार.

आणि घराबाहेरची प्रत? ती एका पेनड्राइव्हवर आहे. दर बैठकीनंतर आई त्यात नवी फाईल भरते आणि तो एका लहानशा बटव्यात घालून देते. तो बटवा, ज्यांच्या नावावर १८,००० रुपये निघाले होते, त्या काकूंच्या घरी असतो. त्यांनीच तो मागून घेतला.