सल्फेटमुक्त माध्यमातले सल्फेट

एका महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेचे पत्र आले आहे. त्यांनी मॅग्नेशियम क्लोराइडची मागणी नोंदवली, ती खरेदी समितीने परत पाठवली. शेरा असा : 'भांडारात मॅग्नेशियम सल्फेट शिल्लक आहे, ते वापरावे.' त्यांच्या विद्यार्थिनीचा प्रकल्प आहे सल्फेटच्या उपासमारीत ई. कोलायची कोणती जनुके जागी होतात याचा. म्हणजे जे वगळायचे, तेच वापरा असा लेखी आदेश! दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा स्वस्त पर्याय हाताशी असताना दुसरे रसायन कशासाठी, याचा खुलासा मागितला गेला. सत्र संपत आले, प्रकल्प सुरूच झालेला नाही. समितीत विज्ञान शाखेचा एक तरी सदस्य असतो. तो सही करण्यापूर्वी वाचतो की नाही, हे आता विचारायलाच हवे.

मात्र आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांची स्थिती पाहिली की राग केवळ समितीवर राहत नाही. 'सल्फेटमुक्त एम-९' असे लिहून लेखक मॅग्नेशियमचे क्षार बदलतात आणि सूक्ष्म मूलद्रव्यांच्या द्रावणात फेरस, झिंक, कॉपर, मँगनीज ही सारी सल्फेटेच ठेवतात. केइओ संग्रहातली उत्परिवर्ते कॅनामायसिनवर वाढवतात, पण बाटलीवर कॅनामायसिन सल्फेट लिहिलेले असते हे कोणी वाचत नाही. मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम घातले की सुमारे ८६ मायक्रोमोलर सल्फेट माध्यमात गेले. डोळ्यांना दिसेल इतका गढूळपणा यायला तेवढे पुरते. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनचीही तीच गत. अगारमधले अगारोपेक्टिन स्वतः सल्फेट गट बाळगते. आणि काचेची भांडी अजूनही डायक्रोमेट-सल्फ्युरिक ॲसिडच्या मिश्रणाने धुतली जातात.

याचा परिणाम निष्कर्षावर होतो. सल्फेट मिळत असेल तर टॉरिन वापरणारी 'टाऊ' आणि अल्केनसल्फोनेट वापरणारी 'एसएसयू' जनुके गप्प राहतात. सीबीएल नियामक त्यांना जागे करत नाही. मग लेखक लिहितो, आमच्या विलगात ही क्षमता नाही. तसेच सल्फेट बांधणारी प्रथिने दोन, एसबीपी आणि सिस-पी. एकच काढले तर दुसरे काम निभावते. एका उत्परिवर्तावर थांबून 'हे जनुक अनावश्यक' म्हणणारे लेख आम्ही यापुढे परीक्षकांकडेही पाठवणार नाही.

क्रोमेटबद्दल तर अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. चर्मोद्योगाच्या सांडपाण्यातले 'क्रोमेटसहिष्णू' जिवाणू सांगणारे लेख दर अंकाला येतात. क्रोमेट पेशीत शिरते ते सल्फेटच्याच वाहकातून. साल्मोनेलाची सिस-ए उत्परिवर्ते क्रोमेटला दाद देत नाहीत ती याचमुळे. पोषक अगारमध्ये सिस्टीन भरपूर, म्हणून वाहकाची जनुके दबलेली. शिवाय त्यातली सेंद्रिय द्रव्ये क्रोमेटचे क्षपण करतात. तिथे मिळालेला सहिष्णुतेचा आकडा त्या जिवाणूचा नव्हेच, माध्यमाचा आहे. अशा आकड्यांच्या भरवशावर उद्या कोणी जैवउपचाराची टाकी बांधली तर नुकसान नदीकाठच्या गावांचे होईल.

पुढच्या अंकापासून क्षारांची संपूर्ण यादी, प्रतिजैविकाचे क्षाररूप आणि गंधकाशिवायचे नियंत्रण जोडलेले नसेल तर हस्तलिखित परत येईल. नियंत्रणात दुसऱ्या उपसंवर्धनानंतर वाढ थांबलीच पाहिजे. पेशीतला ग्लुटाथायोनचा साठा आणि बीजासोबत आलेले माध्यम पहिल्या फेरीत फसवतात, तेव्हा बीज गंधकमुक्त क्षारद्रावणाने नीट धुऊन घ्या.

आणि सदस्यांनो, एकेकट्याने अर्ज करत बसू नका! एका शहरातल्या चार-पाच प्रयोगशाळांनी एकत्र मागणी करावी, हवी ती क्लोराइडे विभागून घ्यावीत. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढते, वजन चुकते. म्हणून बाटली उघडली त्याच दिवशी एक मोलर द्रावण करून निर्जंतुक करून ठेवा. समितीला द्यायच्या खुलाशाचा मसुदा आम्ही तयार केला आहे, कोणत्या प्रयोगात कोणता क्षार का चालत नाही हे त्यात एका पानात मांडले आहे. संपादकीय कार्यालयाला एक ओळ कळवा, मसुदा पाठवू. प्राध्यापिकाबाईंना तो रवाना झाला आहे.