बातमी राष्ट्राची, मरण बातमीदाराचे

१/ बस्तरच्या जंगलातील चकमकीचे वृत्त दिल्ली-मुंबईच्या पडद्यावर झळकते, तेव्हा त्यामागे बहुधा बिजापूरचा किंवा सुकम्याचा एखादा स्थानिक वार्ताहर उभा असतो. त्याचे नाव देशाला कळते ते त्याच्या मृत्यूनंतर. याला योगायोग म्हणता येणार नाही. हा धागा त्या व्यवस्थेच्या इतिहासाचा.

२/ साई रेड्डी हे ‘देशबंधु’ या हिंदी दैनिकाचे वार्ताहर. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी त्यांना २००८ मध्ये विशेष जनसुरक्षा कायद्याखाली अटक केली. ६ डिसेंबर २०१३ रोजी बिजापूर जिल्ह्यातील बासागुडा येथे माओवाद्यांनीच त्यांची हत्या केली. एकच माणूस शासनाच्या लेखी माओवादी ठरला आणि माओवाद्यांच्या लेखी शासनाचा हस्तक.

३/ त्याच वर्षी फेब्रुवारीत सुकमा जिल्ह्यात नेमीचंद जैन यांना ‘खबऱ्या’ ठरवून मारण्यात आले. सप्टेंबर २०१५ मध्ये दरभ्याचे संतोष यादव यांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत सुमारे दीड वर्ष गेले. २०२० मध्ये ते निर्दोष सुटले. गेलेली वर्षे कोणी परत केली नाहीत.

४/ मार्च २०१६ मध्ये एडिटर्स गिल्डच्या सत्यशोधन समितीने बस्तरला भेट दिली. आपण निर्भयपणे काम करतो, असे खात्रीने सांगू शकणारा एकही पत्रकार तिला आढळला नाही. अहवाल छापला गेला, चर्चा झाली आणि वार्ताहर होते तिथेच राहिले.

५/ एप्रिल २०२१. बिजापूर-सुकमा सीमेवरील हल्ल्यात २२ जवान हुतात्मा झाले आणि राकेश्वरसिंह मनहास या जवानाला माओवाद्यांनी पळवून नेले. त्याला सोडवून आणण्यासाठी मध्यस्थांसोबत जंगलात गेलेल्या स्थानिक पत्रकारांत मुकेश चंद्राकर होते. तेव्हा त्यांचा जंगलातील संपर्क सर्वांनाच मोलाचा वाटला.

६/ तेच मुकेश १ जानेवारी २०२५ रोजी बेपत्ता झाले. ३ जानेवारीला बिजापुरातच, एका कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टाकीत त्यांचा मृतदेह सापडला. टाकीवर ताजे काँक्रीट ओतलेले होते. रस्तेबांधणीतील कथित भ्रष्टाचाराचे वृत्तांकन त्यांनी नुकतेच केले होते.

७/ आता मुख्य प्रश्न. या वार्ताहरांना एकटे कोण पाडते? बंदूकवाले दोन्ही पक्ष, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे वृत्तसंस्थांच्या हिशेबाच्या वहीत आहे. नियुक्तिपत्र नाही, विमा नाही, बातमीमागे तुटपुंजे मानधन आणि वर जाहिराती मिळवण्याची जबाबदारी. लहान गावात जाहिरात देणार कोण? बहुतेकदा कंत्राटदार आणि पुढारी. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच दारी हात पसरायचा.

८/ ‘हे लोक बातमीपेक्षा जाहिरातीच्या मागे असतात’, असा आक्षेप शहरातून घेतला जातो. काहींच्या बाबतीत तो खराही असेल. पण उपाशी ठेवून निष्ठेची परीक्षा घेणाऱ्याला हा आक्षेप शोभत नाही. शिवाय एवढी गळचेपी असूनही रस्त्याची बातमी बाहेर आली ती याच लोकांमुळे.

९/ कायद्याचे काय? महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ मध्ये, तर छत्तीसगडने पत्रकार संरक्षणासाठी २०२३ मध्ये विधेयक मंजूर केले. महाराष्ट्राच्या कायद्यात मात्र ‘मुख्य व्यवसाय पत्रकारिता’ ही अट आहे. दुकान किंवा शेती सांभाळून बातमी देणारा गडचिरोलीतील वार्ताहर त्या व्याख्येत बसतो का? इंद्रावतीच्या अलीकडेही हा प्रश्न तितकाच जिवंत आहे.

१०/ श्रद्धांजली स्वस्त असते. वृत्तसंस्थांनी चार गोष्टी द्याव्यात: लेखी नियुक्ती, नियमित मानधन, विमा आणि खटला उभा राहिल्यास वकील. वाचकांनी दोन द्याव्यात: स्थानिक पत्राची वर्गणी आणि बातमी पुढे पाठवताना बातमीदाराचे नाव. हे नाव त्याच्या हयातीतच सर्वदूर माहीत झाले, तर त्याला गुपचूप नाहीसे करणे थोडे तरी अवघड होईल.